या वयात

लिफ्टवाल्यांचं वजन उतरायला लागलं तेव्हा कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या घरात सगळ्यांचंच काही ना काही उतरत होतं. कुणाची नजर, कुणाचे कान, कुणाकडे येणारी माणसं. घर म्हणजे म्हाताऱ्यांसाठी चालवलेलं तीन मजली वसतिगृह. खाली जेवणाची खोली आणि बसायचा हॉल, वर राहायच्या खोल्या, आणि सगळ्यात वर गच्ची, जिथे चादरी वाळत घातलेल्या असत.

लिफ्टवाल्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. कंपनी पाठवेल त्या शहरात जायचं, महिना महिना लॉजवर राहायचं, काम संपलं की घरी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूरदेशी होता आणि फोनवर प्रेमळ होता. ऐकू थोडं कमी यायचं, म्हणून बोलायचे मोठ्याने, आणि त्यामुळे त्यांचं कुठलंही गुपित फार काळ टिकत नसे.

त्यातलं सगळ्यात मोठं गुपित म्हणजे ऑपरेटरबाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या, विधवा, सदुसष्ट वर्षांच्या. आवाज अजूनही असा की त्यांनी 'थांबा' म्हटलं की माणूस थांबायचा. दुपारची जेवणं झाली, सगळे आडवे झाले की त्या तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर यायच्या आणि चहाच्या वेळेला परत जायच्या. कारण काय, तर वरची खोली तापते. हिवाळ्यातही तापायची. चारचौघांत दोघं एकमेकांना 'अहो-जाहो' करायचे, पण एकदा जेवताना लिफ्टवाले मोठ्याने म्हणाले, "तू मीठ घेतलंस का?" आणि सगळं टेबल आपापल्या ताटात बघायला लागलं.

घराची व्यवस्था बघणाऱ्या मेट्रननी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. त्यांनी एवढंच सांगितलं, "दार लावा, पण कडी घालू नका. कुणी पडलं तर मला दार फोडावं लागेल, आणि माझे गुडघे आता दार फोडायच्या लायकीचे राहिले नाहीत."

तर वजन. मग ताप. मग खोकला जाईना. मग पाठीवर नागीण उठली, ती बरी होते न होते तोच जिभेवर पांढरा थर, घास गिळवेना. मेट्रन त्यांना घेऊन दवाखान्यांच्या फेऱ्या मारत राहिल्या. साखर तपासली, थायरॉईड तपासलं, छातीचे फोटो काढले, पोटात नळी घालून पाहिलं. कॅन्सर शोधला, सापडला नाही. प्रत्येक डॉक्टर शेवटी तेच म्हणायचा, वय झालं. ऑपरेटरबाईंचं पहिल्या मजल्यावर येणंही आता वेगळं झालं होतं. त्या सूपची वाटी घेऊन बसायच्या आणि चमचा त्यांच्या तोंडाशी धरायच्या.

शेवटी मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिने सगळी जाडजूड फाईल चाळली, मिटली आणि मेट्रनना विचारलं, "यात एचआयव्हीची तपासणी कुठे आहे?"

"त्यांची?" मेट्रन म्हणाल्या. "अहो, ते एकाहत्तरचे आहेत."

"हो, वाचलं मी," डॉक्टरीण म्हणाली आणि लिफ्टवाल्यांची संमती घेऊन रक्त काढायला पाठवलं.

निकाल सांगताना तिने मेट्रनना बाहेर थांबायला सांगितलं. लिफ्टवाले म्हणाले, "राहू दे त्यांना. मला अर्धं ऐकू येत नाही, त्यांना नंतर विचारावं लागेल." म्हणून मेट्रन राहिल्या. डॉक्टरिणीने दार घट्ट लावलं, खुर्ची त्यांच्या बऱ्या कानाजवळ ओढली आणि सावकाश सांगितलं. लागण झालेली आहे. बहुतेक बऱ्याच वर्षांपूर्वीची. शरीराची ताकद पोखरली गेली, म्हणून हे एकामागून एक आजार. पण औषध आहे. रोज एक गोळी, चुकवायची नाही. जन्मभर घ्यायची.

"माझा जन्म आता उरलाय किती," लिफ्टवाले म्हणाले.

"गोळी घेतलीत तर बराच. आता मला एक विचारायचंय, आणि मी सगळ्यांना विचारते. शरीरसंबंध कुणाकुणाशी आले?"

लिफ्टवाल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बायको गेल्यावर, म्हणाले, कामाच्या गावी. लॉजच्या आसपास बायका असायच्या. दोघीतिघी. तोंडंही आठवत नाहीत.

"निरोध वापरत होतात?"

"कशाला? माझं ऑपरेशन झालेलं होतं. मूल व्हायची भीती नव्हती."

डॉक्टरिणीने मान हलवली. हे उत्तर तिने पहिल्यांदा ऐकलं नव्हतं हे दिसत होतं. "आणि हल्ली? या घरात राहायला आल्यापासून?"

लिफ्टवाल्यांनी मेट्रनकडे पाहिलं. मेट्रननी फरशीकडे पाहिलं.

"कुणी नाही," ते म्हणाले.

परतीच्या टॅक्सीत मेट्रन सीटला मान टेकून बसल्या. त्या दमल्या होत्या. सकाळपासून चारदा जिने चढल्या होत्या, घरी सासूचं जेवण व्हायचं होतं, आणि आता हे. सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, खोटं बोललात."

"बाईमाणसाचं नाव कसं घ्यायचं? तिला मुलगी आहे, नातवंडं आहेत. चारी दिशांना बोभाटा होईल."

"डॉक्टर बोभाटा करत नाहीत. मीही करणार नाही. माझ्या तोंडाला कुलूप आहे, नोकरीचा नियमच आहे तो. म्हणजे त्यांना सांगणारे जगात तुम्ही एकटेच उरलात. आणि त्यांना कळलं नाही तर त्या तपासून घेणार कधी? तुमच्यासारखं खंगल्यावर?"

लिफ्टवाले खिडकीबाहेर बघत राहिले. "सांगतो," म्हणाले.

सांगितलं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. मेट्रन रोज सकाळी गोळी द्यायला जायच्या आणि नुसत्या भुवया उंचावायच्या. ते पाणी प्यायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. ऑपरेटरबाई दुपारी सूप घेऊन यायच्या तेव्हा झोपेचं सोंग घ्यायचे. शेवटी मेट्रन वैतागून म्हणाल्या, "उद्यापर्यंत नाही सांगितलंत तर मी डॉक्टरिणीला फोन करते आणि तिला इथे आणून तुमच्यासमोर बसवते. मग काय लाजायचं ते तिच्यासमोर लाजा."

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाले गच्चीवर गेले. ऑपरेटरबाई तिथे आपल्या उशांचे अभ्रे दोरीवरून काढत होत्या. ते कठड्याला टेकून उभे राहिले, धाप लागली होती. त्यांना जे हळू सांगायचं होतं ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात बाहेर पडलं. सुदैवाने गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं.

ऑपरेटरबाईंनी हातातल्या अभ्र्याची घडी घातली. मग दुसऱ्याची.

"तुला माहीत होतं?"

"नाही. परवापरवापर्यंत नाही."

"माहीत नव्हतं त्याला तू काय करणार." तिसरी घडी. "डॉक्टरने विचारलं असेल ना, कुणाबरोबर म्हणून?"

ते कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडू लागले.

"मी काय विचारतेय? तू काय सांगितलंस?"

"कुणी नाही म्हणालो. तुझं नाव यायला नको म्हणून."

"कुणी नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या. एक्स्चेंजमधल्या आवाजात, जसं पलीकडून उत्तर येत नाही असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "म्हणजे मी आजारी पडले असते तर माझ्याही पोटात नळी घालून बघितलं असतं. माझंही वय झालं म्हणाले असते. नाव तेवढं शाबूत राहिलं असतं."

"चुकलं."

"मला रागवायचंय रे," त्या म्हणाल्या, "पण अंगात त्राण नाही." अभ्रे काखेत मारून जिन्याकडे गेल्या. ते तिथेच उभे राहिले, खाली उतरवेना म्हणून. नंतर मेट्रननी त्यांना हाताला धरून आणलं.

तपासणीच्या केंद्रात ऑपरेटरबाई एकट्या गेल्या. मेट्रन येते म्हणाल्या, त्यांनी नको म्हटलं. आत टेबलामागे समुपदेशक बसला होता, नातवाच्या वयाचा. त्याने आदराने खुर्ची पुढे केली. "बसा आजी. कुणासाठी आलात? मुलगा?"

"माझ्यासाठी."

त्याचे कान लाल झाले. पण पोरगा बरा होता, सावरला. त्याने सगळं नीट सांगितलं आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं. जन्मभर लोकांचं ऐकण्याचीच नोकरी केली होती. विषाणू पुरुषाच्या वीर्यात असतो, बाईच्या योनीतल्या स्रावात असतो, रक्तात असतो. संबंधाच्या वेळी आतल्या नाजूक त्वचेतून तो दुसऱ्याच्या शरीरात जातो. कपातून, ताटातून, हात हातात घेऊन, कुशीत झोपून जात नाही.

"पाळी गेल्यावर," तो टेबलावरच्या पेनकडे बघत म्हणाला, "बायकांची आतली त्वचा कोरडी होते, पातळ होते. चटकन चिरा पडतात. दिसतही नाहीत. त्यामुळे खरं तर धोका वाढतो. लोकांना वाटतं, कमी होतो."

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"आम्हीच विचारत नाही, आजी. साठीच्या पुढच्या माणसाला हा प्रश्न विचारायला आमची जीभ रेटत नाही." मग त्याने विचारलं, "शेवटचा संबंध कधी आला?"

त्यांनी सांगितलं. लिफ्टवाले आजारी पडायला लागले होते, पण अगदीच अंथरूण धरलं नव्हतं, तेव्हा. पोरगा म्हणाला, संबंधानंतर लगेच, तीन दिवसांच्या आत आलात तर लागण टाळायची औषधं देता येतात. ती वेळ आता गेली. आज तपासू. पण लागण अगदी अलीकडची असेल तर तपासणीत दिसायला वेळ लागतो. म्हणून शेवटच्या संबंधापासून पुरते तीन महिने झाले की पुन्हा या.

त्या दिवशीचा निकाल चांगला आला. लागण दिसली नाही. ऑपरेटरबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि त्यांना कळेना की आपल्याला आनंद का होत नाहीये. दोन बस सोडल्या, तिसरीत चढल्या.

मुलीला त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं. उगाच दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. मुलगी ऑफिसमधून तशीच आली, खांद्याला पर्स, केस विस्कटलेले, आणि पलंगाच्या कडेवर बसून रडली.

"आई, या वयात?"

"कुठल्या वयात चाललं असतं ते सांग. त्या वयात केलं असतं."

"चेष्टा नको करूस. मला वाटलं तू इथे विश्रांती घेत असशील."

"घेत होते की. दुपारची."

मुलगी रडता रडता हसली आणि त्याचाच तिला जास्त राग आला. म्हणाली, सामान बांध, माझ्याकडे चल. ऑपरेटरबाई म्हणाल्या, तुझ्याकडे तुझ्या सासूची खाट हॉलमध्ये आहे, माझी कुठे लावशील, गॅसच्या शेगडीवर? मुलीने पर्स पुन्हा खांद्यावर घेतली. ती पण थकलेली होती. जाताना दारात थांबून तिने विचारलं, "तो माणूस चांगला आहे का पण?"

"मलाही आता तेच बघायचंय," आई म्हणाली.

मधले महिने ओढत ओढत गेले. ऑपरेटरबाई दुसऱ्या टेबलावर जेवायला बसू लागल्या. लिफ्टवाल्यांच्या आजाराचं नाव घरात फुटलंच. त्यांनीच मुलाशी फोनवर बोलताना फोडलं, भिंतींना ऐकू जाईल अशा आवाजात. मग रोज त्यांच्याबरोबर जेवणाऱ्या हेडमास्तरांनी त्यांच्या शेजारची खुर्ची सोडली. एका मावशींनी आपला कप लाल दोरा बांधून वेगळा ठेवला. लिफ्टवाले खोलीतच जेवायला लागले. मेट्रननी तो दोरा कात्रीने कापला, मावशींना चार शब्द सुनावले, आणि नंतर ऑफिसात बसून गुडघ्यांना बाम चोळत राहिल्या. सुनावून काही होत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी डॉक्टरिणीला हॉलमध्ये बोलवायचं ठरवलं. विश्वस्तांनी नाक मुरडलं. "निरोधाबद्दल भाषण? इथे? आता काय इथे पाळणे हलणार आहेत?"

"नाही ना हलणार," मेट्रन म्हणाल्या, "म्हणून तर सगळे निर्धास्त आहेत."

भाषणाला निम्मं घर आलं. अर्धे लोक टीव्ही बंद का केला म्हणून चिडून बसले होते. डॉक्टरिणीने टेबलावर लिंगाचा लाकडी नमुना ठेवला तेव्हा हेडमास्तरांनी चष्मा काढला, मग थोड्या वेळाने पुन्हा घातला. तिने काही लपवलं नाही. पाकिटावरची तारीख बघा. कडेला फाडा, दाताने नाही, कात्रीने नाही. टोकाशी चिमटीत धरून हवा काढा, मग खालपर्यंत उलगडा. संबंधाच्या सुरुवातीपासून घाला, अर्ध्यातून नाही. कोरडेपणासाठी पाण्याचं जेल लावा. तेल किंवा मलम लावलंत तर रबर कमजोर होऊन फाटतं. एकदा वापरलं की कचऱ्यात. आणि नवं नातं जुळवण्याआधी दोघांनी तपासून घ्या, मग वय विशीचं असो की ऐंशीचं.

"ऐंशीच्या माणसाला नातं कोण देतं," मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला.

कप वेगळा ठेवणाऱ्या मावशींनी हात वर केला. "मग कपाने नाही होत?"

"नाही हो. कपाने सर्दी होते."

मावशींनी हात खाली घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिफ्टवाल्यांच्या खोलीत चहा नेऊन दिला. हेडमास्तर मात्र त्यांच्या शेजारी परत कधी बसले नाहीत. मेट्रननी खालच्या बाथरूममध्ये निरोधांचा डबा ठेवला. तो महिन्याभरात रिकामा झाला. कुणी नेले ते त्यांनी विचारलं नाही, पुन्हा भरला.

गोळीने लिफ्टवाले हळूहळू उभे राहिले. आधी जिभेवरचा थर गेला, मग ताप गेला, मग एक दिवस त्यांनी सूप फिकं आहे म्हणून तक्रार केली आणि मेट्रनना बरं वाटलं. ते पुन्हा खाली जेवायला आले. एका दुपारी इस्पितळातून परतल्यावर ते सरळ ऑपरेटरबाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"डॉक्टरिणीला सांगितलं," म्हणाले.

"काय?"

"तुझं नाव. आडनावासकट. म्हटलं, लिहून घ्या, आधी खोटं बोललो होतो."

सगळी जेवणाची खोली ऐकत होती. ऑपरेटरबाईंनी तोंड पुसलं. "उशीर झाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि ओरडू नकोस."

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली. ते बसले. दोघं जेवले.

दुसरी तपासणी झाली. तीही चांगली आली. या वेळी बसस्टॉपवर ऑपरेटरबाईंना रडू आलं, आणि शेजारच्या अनोळखी बाईने त्यांना रुमाल दिला. पुन्हा पहिल्या मजल्यावर जायची घाई मात्र त्यांनी केली नाही. लिफ्टवाल्यांनी एकदाही विचारलं नाही. रक्तातला विषाणू कमी होत होत मोजण्यापलीकडे गेला तेव्हा डॉक्टरिणीने दोघांना एकत्र बसवून सांगितलं, गोळी नेमाने चालू ठेवली आणि पुढचे सहा महिने हे असंच राहिलं, तर संबंधातून यांच्याकडून लागण होणार नाही. तोवर निरोध हवाच. पुढेही वापरलात तर चांगलं, बाकीचे गुप्तरोग काही कमी नाहीत.

"सहा महिन्यांनी नको म्हटलं तरी मी वापरायला लावीन," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "माझा विश्वास अजून बसायचाय."

"बरोबर आहे," डॉक्टरीण म्हणाली.

त्यानंतरही बऱ्याच दिवसांनी एका दुपारी त्या पहिल्या मजल्यावर आल्या. हातात जेलची ट्यूब होती आणि एक पाकीट. पलंगाच्या कडेवर दोघं शेजारी बसले. लिफ्टवाल्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. पाकिटाची कड चिमटीत येईना. पुन्हा पुन्हा निसटे. त्यांनी ते दातांकडे नेलं तसा ऑपरेटरबाईंनी हातावर फटका मारला. मग बाईंनी स्वतः चष्मा लावून प्रयत्न केला. त्यांच्याकडून फाटलं, पण आतलं निसटून पलंगाखाली गेलं. वाकून काढायची दोघांचीही तयारी नव्हती, आणि काढून उपयोगही नव्हता.

"दुसरं आणलंयस?"

"नाही. मला काय ठाऊक तू इतका धांदरट आहेस."

ते हसायला लागले, त्याही हसल्या, मग हसणं खोकल्यात गेलं आणि दोघं आडवे झाले. त्या दुपारी काही झालं नाही. ऑपरेटरबाईंनी डोकं लिफ्टवाल्यांच्या खांद्यावर ठेवलं. खांदा पूर्वीपेक्षा हाडकुळा लागत होता, टोचत होता. "राग गेलाय का?" लिफ्टवाल्यांनी विचारलं, आणि या वेळी त्यांना खरोखरच हळू बोलता आलं.

"पुरता नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "झोप आता."

पुढच्या आठवड्यात त्या अख्खं खोकं घेऊन आल्या.

तेव्हापासून त्या वर्षातून दोनदा तपासणीला जातात. केंद्रातला पोरगा आता त्यांना कुणासाठी आलात म्हणून विचारत नाही. त्यांची मुलगी येते, आईशी बोलते, आणि जाताना पहिल्या मजल्यावरच्या दारातून लिफ्टवाल्यांना "बरे आहात ना?" एवढं विचारते. आत येत नाही. लिफ्टवाले म्हणतात, तेवढंही पुष्कळ आहे.